फराळाच्या बरण्यांचे स्टिकर घरी छापायचे तर

आमच्याकडे दसऱ्याला फराळाची ऑर्डर घ्यायला सुरुवात होते आणि कोजागिरीला ती बंद होते. तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत पंधरा दिवस. भाजणी, साटा, पाक यांत हे दिवस कसे जातात ते विचारू नका. आणि नेमकं शेवटच्या दोन रात्रींत कुणाला तरी आठवतं, की बरण्यांवर लावायचे स्टिकर राहिलेच. म्हणून मी ही यादी ऑर्डर बंद झाली त्याच रात्री हातात घेते. ही खरं तर स्वतःसाठीच लिहिलेली आहे. दोन दिवाळ्या स्टिकरांनी रडवल्यानंतरची.

कॉम्प्युटर सुरू करू नका. आधी बरणी आणा. ज्या बरणीत चकली जाणार ती रिकामी बरणी टेबलावर ठेवा आणि कागदाची पट्टी तिच्या अंगावर धरून बघा, किती जागा खरोखर सपाट आहे. पुष्कळ बरण्यांना मधोमध एक किंचित दबलेला पट्टा असतो, त्याची उंची मोजा. स्टिकर त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली एक दोरा जरी गेला, तरी दुसऱ्या दिवशी त्याची कड उचकटते. मग बरणी उलटी करा. बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट (PET) नावाचं प्लास्टिक, त्यावर स्टिकर छान बसतो, काचेवरही बसतो. ५ असेल तर ती पॉलिप्रॉपिलीनची. तिचा पृष्ठभाग असा असतो की साधा डिंक तिला नीट धरतच नाही. तसले डबे घेतलेच असतील तर एक स्टिकर लावून दोन दिवस ठेवून बघा, मगच बाकीचं. आणि स्टिकर झाकणावर लावायचा मोह टाळा. झाकण सपाट असतं, चिकटतं मस्त, हे खरं. पण पॅकिंगच्या गडबडीत झाकणांची अदलाबदल होते आणि चिवड्याच्या बरणीवर अनारसे नाव येतं. आमच्याकडे आलं होतं.

आता संख्या. समजा चाळीस घरांच्या ऑर्डरी आहेत आणि प्रत्येकाला सहा पदार्थ: चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, करंज्या, गोडे शंकरपाळे, खाऱ्या शंकरपाळ्या. म्हणजे २४० स्टिकर. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. प्रिंटर कडेची थोडी जागा कोरीच सोडतो, म्हणून चारी बाजूंनी निदान पाच-पाच मिलिमीटर वजा धरा, आणि दोन स्टिकरांमध्ये कापायला २ मिलिमीटर. ५० मिलिमीटरचा चौकोन ठेवला तर आडवे तीन, उभे पाच, एका कागदात पंधरा. तोच ४५ मिलिमीटरचा केला तर आडवे चार, उभे सहा, म्हणजे चोवीस! पाच मिलिमीटरसाठी सोळा कागदांच्या जागी दहा कागदांत काम होतं. त्यातही गंमत अशी की ओळी सहा आणि पदार्थही सहा. एका ओळीत एकच पदार्थ टाकला की एक फाइल, दहा प्रती, आणि प्रत्येक पदार्थाचे बरोब्बर चाळीस. पहिल्या वर्षी मी सहा वेगळ्या फाइली केल्या होत्या आणि करंज्यांची एक फाइल दोनदा छापली होती, चिवड्याची एकदाही नाही. दहा कागद लागणार असतील तर तेरा आणा. एखादा अडकतो, एखाद्यावर शाईचा पट्टा उमटतो. शिवाय पदार्थाच्या नावाची जागा कोरी ठेवलेला एक कागद छापून ठेवा, कारण आयत्या वेळी कुणीतरी कडबोळी मागतंच.

गोल स्टिकर दिसायला गोड, पण २४० गोल कात्रीने कापायचे म्हणजे अंगठ्याला फोड. गोल आवडत असेल तर नक्षी गोल काढा, कापा चौकोनीच. किंवा मग आधीच गोल हाफ-कट केलेले (वरचा स्टिकर कापलेला, मागचा कागद अखंड) कागद विकत घ्या. फक्त त्यांच्या मापाला तुमची फाइल केसभरसुद्धा चुकता कामा नये, हे ध्यानात ठेवा.

मजकूर कागदावर हाताने लिहून काढा आणि घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याने तो लिहिलेला नाही. पदार्थाचं नाव, तुमचं नाव, फोन, बनवल्याची तारीख, वजन. शेंगदाणे, काजू, तीळ असतील तर तेही; काहींना ते चालत नाहीत आणि चिवड्यात शेंगदाणे असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं असं धरून चालू नका. भाऊबंदांना भेट द्यायची असेल तर एवढं पुरे. विकायचं असेल तर मात्र एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक, घटक पदार्थ, कधीपर्यंत खावं ती तारीख, पत्ता, सर्व करांसहित किंमत आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका हे सगळं हवं. ते ४५ मिलिमीटरच्या चौकोनात वाचता येईल असं बसत नाही. त्यासाठी मागच्या बाजूला दुसरा लांबट स्टिकर धरा, आणि कागदांचा हिशोब त्याप्रमाणे वाढवा.

तारीख छापायची की हाताने लिहायची, हे कागद आणण्याआधी ठरवा. कारण चकचकीत कागदावर आणि व्हिनाइलवर, म्हणजे प्लास्टिकच्या स्टिकर शीटवर, साधं बॉलपेन चालत नाही, घसरतं, आणि चाललं तरी पुसलं जातं. तिथे परमनंट मार्कर लागतो. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, कागदावर बॉलपेन निमूट चालतं.

अक्षरांवर मी जरा जास्तच वेळ घालवते, त्याबद्दल घरात बोलणीही खाते. पण लाडवाचा 'ल' हिंदी वळणाचा दिसला की मला ती बरणी परक्या दुकानातली वाटते. पुष्कळ देवनागरी फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. आपला वाटीवाटीचा ल आणि आपला श हवा असेल तर फॉन्ट निवडतानाच 'लाडू' आणि 'शंकरपाळे' टाइप करून बघा. 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट मराठी वळणासाठीच केलेला आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हेही फुकट मिळतात, लहान आकारात स्वच्छ वाचता येतात, आणि विकायच्या मालावर वापरायला त्यांची आडकाठी नाही. दुसरी परीक्षा 'खाऱ्या' या शब्दाची. त्यातला अर्धा र चंद्रकोरीसारखा, आडव्या रेघेने य-ला चिकटायला हवा. काही सॉफ्टवेअरांत तो सुटतो, र-खाली पाय मोडलेला दिसतो आणि 'खार्‌ या' असं काहीतरी उमटतं. 'चिवडा'मधली वेलांटी च-च्या पुढे जाऊन बसते तेही तिथलंच दुखणं. फोटोशॉपमध्ये असं झालं तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांसाठीचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवायची पद्धत, निवडावा लागतो. इंकस्केप हे चित्रं आणि स्टिकर आखायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात हा त्रास मला झाला नाही.

फाइल तयार झाली की पीडीएफ करा. वर्डची फाइल पेनड्राइव्हवर घालून छापायला नेऊ नका. मी नेली होती, तीही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, आणि 'बेसन लाडू'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची भेळ छापून आली. छापणाऱ्या मुलाला मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याला ते मराठीच वाटलं. दहाच्या दहा कागद! चूक माझीच, पैसेही माझेच. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला राहतो.

चित्र किंवा तुमचा लोगो टाकणार असाल तर ४५ मिलिमीटरला साधारण ५३० पिक्सेल लागतात, ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, हिशोबाने. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला पणतीचा फोटो पडद्यावर झकास दिसतो आणि कागदावर धुरकट. इंटरनेटवरून कार्टून उचलू नका, विकायच्या मालावर तर मुळीच नको. बारीक चौकट स्टिकरच्या अगदी कडेला देऊ नका, कारण कापताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच आणि चौकट असली की ती ते ओरडून सांगते. चौकट निदान तीन मिलिमीटर आत घ्या. पार्श्वभूमी पांढरी ठेवली तर आणखी सोपं: शाई वाचते, कागद वळत नाही, वाकडं कापलेलं झाकलं जातं. मला स्वतःला केशरी पार्श्वभूमी फार आवडते. तरी पांढरीच करते.

कागदाचं दुकानात 'स्टिकर पेपर' किंवा 'गमिंग शीट' म्हणून विचारा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळतो. बहुतेक गावांत मोठ्या स्टेशनरीवाल्याकडे असतो. पाकिटावर एक गोष्ट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका: तो इंकजेटचा, म्हणजे ओली शाई फवारणाऱ्या प्रिंटरचा, आहे की लेझरचा. लेझर प्रिंटरमध्ये शाईची पूड कडक उष्णतेने वितळवून कागदावर बसवतात. इंकजेटसाठीचं व्हिनाइल त्यात घातलं तर आत वितळून रोलरला चिकटू शकतं, आणि मग स्टिकर राहिले बाजूला, प्रिंटरचाच फराळ. उलट लेझरचा चकचकीत कागद इंकजेटमध्ये घातला तर शाई शोषली जात नाही, वर तरंगत राहते.

घरच्या इंक टँक प्रिंटरमध्ये बहुधा रंगीत शाया पाण्यात विरघळणाऱ्या असतात. काळी पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, आहे का ते बाटलीवर बघा. पिगमेंट पाण्याला दाद देत नाही. मी परीक्षा सोपी करते. एक स्टिकर छापते, तासभर वाळू देते, त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवते आणि मिनिटाने बोट फिरवते. दुसऱ्यावर तुपाचं बोट. लाल कुंकवाचा रंग पहिल्या वर्षी असा पसरला होता की लाडवाच्या बरणीला जखम झाल्यासारखी दिसत होती. पाण्याला टिकत नसेल तर वरून आवरण द्यावं लागतं: वह्यांना लावायची पारदर्शक चिकटपट्टी, रुंद सेलोटेप, किंवा कोल्ड लॅमिनेशनचा (न तापवता चिकटणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकचा) रोल. आवरण कापण्याआधी अख्ख्या कागदावर लावायचं आणि तेही छपाईनंतर रात्रभर गेल्यावर. शाई ओली असताना झाकली तर आत डाग धरते. तूप-तेल साध्या कागदी स्टिकरमधून आरपार जातं आणि तो भाग तेलकट खिडकीसारखा होतो, म्हणून करंज्या आणि चकलीच्या बरण्यांना तरी आवरण चुकवू नका.

छपाईच्या दिवशी पहिला कागद साधा घाला. फाइलमध्ये एका कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ काढून ठेवलेली असावी. छापा, पट्टी लावा. ९७ भरली तर सेटिंगमध्ये कागदात बसवण्याचा पर्याय, 'फिट टू पेज', चालू राहिलाय. तो काढून शंभर टक्के किंवा 'ॲक्च्युअल साइझ' करा, आणि कागदाचं माप ए-४ आहे ना, 'लेटर' हे अमेरिकन माप नाही ना, तेही बघा. हा साधा कागद आडवा-उभा कापून एक चौकोन बरणीवर धरा. इथे ज्या चुका सापडतात त्या एक रुपयाच्या असतात. मग स्टिकरचा कागद घालताना कुठली बाजू वर लागते ते पेन्सिलीने फुली मारून तपासा. चकचकीत कागद उलटा गेला तर शाई मागच्या सुट्ट्या कागदावर पडते आणि आत सगळं माखतं. प्रिंटरला मागून कागद घालायची सोय असेल तर तीच वापरा, कारण पुढच्या ट्रेमधून कागद पूर्ण वळून येतो आणि त्या वळणावर स्टिकर सुटू शकतो. एकेकच कागद घाला. ज्यातला एखादा स्टिकर काढून घेतलाय तो कागद पुन्हा आत घालू नका, कितीही जीव हळहळला तरी. कागदाचा प्रकार मॅट किंवा फोटो असा बरोबर निवडा.

कापायला स्टीलची पट्टी, नवं पातं घातलेला कटर आणि खाली जुनं जाड कॅलेंडर. पातं मध्येच बदला. आधी सगळ्या उभ्या रेषा, मग आडव्या. मागचा कागद सोलताना नखाने कोपरा उकरत बसू नका, कोपरा जरा मागे दुमडला की तो आपोआप सुटतो.

आणि लावायचे कधी? बरणी भरण्याआधी. हे मी तीनदा लिहिलं असतं. एकदा का हात चकलीच्या तेलाचा झाला आणि बरणीवर बोटं उमटली, की कुठलाही डिंक हरतो. रिकामी बरणी कोरड्या फडक्याने, शक्य असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, स्टिकर मधून बाहेर दाबत न्यायचा, आणि एक रात्र तशीच ठेवायची. डिंक पहिल्या काही तासांत पकड घट्ट करतो. वाकडा लागलेला ओढून काढू नका, फाटतो. मागे चिकट राहिलंच तर खोबरेल लावून दहा मिनिटांनी पुसा, मग साबणाने धुऊन वाळवा.

उरलेले कोरे कागद मूळच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह, जड वह्यांखाली आडवे ठेवते. पावसाळ्यात ते दमट होऊन सुरळी होतात आणि सुरळी झालेला कागद प्रिंटर घेत नाही. बिघडलेल्या कागदांतले जे चौकोन बरे निघाले त्यांवर जाऊबाई मार्करने 'धणे', 'जिरं', 'मेथी' लिहितात. आमच्या मेथीच्या डब्यावर अजून एक फिकट करंजी आहे.