जुनी जपानी रेसिंग स्पोर्ट्‌स कार घेताय? या चुका टाळा

‘जीटी-आर शियो.’ जाहिरातीतला हा शेवटचा शब्द वाचला असता, तर माझ्या मित्राचे पैसे वाचले असते. शियो म्हणजे ‘त्या धर्तीवर सजवलेली’. विकणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. मोबाइलवरच्या भाषांतरात तेवढा शब्द गळला आणि मित्राने निसान स्कायलाइनची साधी जीटी, तिच्या शर्यतीच्या धाटणीच्या खऱ्या जीटी-आरच्या भावात घेतली. तेव्हापासून ओळखीतलं कोणी जपानमधून जुनी गाडी घेणार असेल, तर पैसे पाठवण्याआधी मी स्वतः जाऊन ती पाहतो. मी योकोहामात राहतो, त्यामुळे ते जमतं. त्या फेऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलेल्या चुका इथे सांगतोय.

या गाड्यांना आज जी किंमत आहे, ती शर्यतींमुळे आहे. १९६४ साली सुझुकाच्या जपान ग्रां प्रीमध्ये प्रिन्स कंपनीची स्कायलाइन काही क्षण पोर्शे ९०४ च्या पुढे गेली, आणि जपानी माणूस ते अजून विसरलेला नाही. पुढे प्रिन्स निसानमध्ये विलीन झाली. १९६९ मध्ये आलेल्या पहिल्या जीटी-आरने, म्हणजे लाडक्या ‘हाकोसुका’ पिढीतल्या जीटी-आरने, १९७२ पर्यंत ५० विजय मिळवले. १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली निसानच्याच डॅटसन २४० झेडमधून जिंकली ती कंपालात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या शेखर मेहतांनी. अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीच्या संघाने शर्यतीत उतरवलेली टोयोटा २००० जीटी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात २५ लाख डॉलरच्या वर गेली. २००० जीटी एकूण बनल्या साडेतीनशेच्या आसपास. भाव असा वंशावळीवर ठरत असल्यामुळे फसगतही वंशावळीतच होते.

बॅज बघून गाडी ओळखणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हाकोसुकाच्या साध्या जीटीमध्ये एल२० इंजिन असतं, एका कॅमशाफ्टचं. जीटी-आरमध्ये एस२०: १९८९ सीसी, सहा सिलिंडर, २४ व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, १६० अश्वशक्ती. हे इंजिन प्रिन्सच्या आर३८० या अस्सल रेसिंग गाडीच्या इंजिनापासून आलं. बाहेरून मात्र फरक मिटवणं सोपं आहे. साध्या गाडीच्या मागच्या चाकावरून जाणारी रेघ कापायची, वर ओव्हरफेंडर (चाकाच्या कमानीवरचं रुंद आवरण) बसवायचे, पुढच्या जाळीत लाल ‘आर’ लावायचा. बाजारात अशा गाड्या भरपूर आहेत आणि चालवायला त्या छानच असतात. माझा आक्षेप फक्त त्यांना खऱ्या गाडीचा भाव देण्यावर आहे.

बॉनेट उघडा आणि इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर वाचा. चार दारांच्या जीटी-आरचा नंबर पीजीसी१० ने सुरू होतो, दोन दारांच्या हार्डटॉपचा केपीजीसी१० ने. जीसी१० किंवा केजीसी१० दिसलं तर ती जीटी-आर नाही, विषय संपला. नंबरभोवतीचा रंग बाकीच्या पत्र्यापेक्षा ताजा वाटला किंवा वेल्डिंगची धार हाताला लागली, तर तिथेच थांबा.

स्कायलाइनच्या नंतरच्या आर३२ पिढीतही हेच. ज्या गाडीने १९९० ते १९९३ या काळात जपानच्या ग्रुप ए टुरिंग कार मालिकेतल्या २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या, तिचा कोड बीएनआर३२. एचसीआर३२ ही जीटीएस-टी. एचएनआर३२ ही चारही चाकं ओढणारी जीटीएस-४. ड्राइव्ह तशीच असल्याने लोक तिला हमखास जीटी-आर समजतात.

कागद वरवर चाळणं

जपानी नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा फक्त प्रकार असतो, अनुक्रमांक नसतो. त्यामुळे तिथे एस२० लिहिलेलं असलं, तरी हेच इंजिन कारखान्यातून या गाडीत आलं असं सिद्ध होत नाही. मॉडेल कोडच्या शेवटी ‘काई’ हे अक्षर असेल, तर गाडीत केलेला मोठा बदल अधिकृतपणे नोंदवलेला आहे. साल सम्राटाच्या कालखंडात लिहितात: शोवा ४५ म्हणजे १९७०, हेइसेइ १ म्हणजे १९८९. आणि ते साल पहिल्या नोंदणीचं असतं. अमेरिकेतल्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण तिथे आयातीसाठीचा २५ वर्षांचा नियम गाडी बनली त्या महिन्यापासून मोजतात.

‘शूफुकु-रेकी नाशी’चा अर्थ लोक ‘कधीच ठोकली नाही’ असा घेतात. त्याचा अर्थ एवढाच की गाडीच्या सांगाड्याची दुरुस्ती झालेली नाही. दार, फेंडर, बंपर बदललेले असू शकतात. लिलावाच्या कागदावर आर किंवा आरए असा दर्जा असेल, तर सांगाड्याला हात लागलेला आहे. ‘गेन्जो-वाताशी’ म्हणजे आहे तशी विकली, नंतर तक्रार चालणार नाही.

चकचकीत रंगावर भाळणं

जपानी गाडीला गंज नसतो, हा समज कुठून आला कोण जाणे. होक्काइदो, तोहोकु, निइगाता या भागांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि तिथे वर्षानुवर्षं चाललेली गाडी खालून कुरतडली जाते. २४० झेडमध्ये बॅटरीखालचा पत्रा, पायाखालचा तळ, त्याखालून जाणाऱ्या चेसिस रेल आणि मागच्या दाराचा उंबरठा पाहायचा. हाकोसुकात मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीचा तळ. ओव्हरफेंडरसाठी कमान कापली की आतल्या-बाहेरच्या पत्र्यांमध्ये पाणी शिरतं. कापल्यानंतर कडा नीट बंद केल्या नसतील, तर गंज आतून येतो.

मी खिशात कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक ठेवतो. एका लालभडक झेडच्या मागच्या कमानीवर ते टिकेचना. वरून आरसा, आत बोटभर पुट्टी. गाडीखाली नुकताच फासलेला काळा अंडरकोट दिसला, तर जास्तच सावध व्हा. पन्नास वर्षांच्या गाडीचं खरं पोट थोडं मळकं असतं आणि तेच मला आवडतं.

उभ्या गाडीला घाईने सेल्फ मारणं

दहा वर्षं उभी असलेली गाडी आली की सगळ्यांना पहिला आवाज ऐकायचा असतो. थांबा. टाकीतलं पेट्रोल काढा, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, क्रँक पान्याने हाताने फिरवा. ती मोकळी फिरली, तरच पुढे जा. रबरी पाइप, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल बदला. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१० म्हणजे २०१० चा २३ वा आठवडा. खाचा कितीही खोल असू देत, असे टायर टाकून द्या.

सुरू झाल्यावर गाडी मिसिंग मारते, पिकअप घेत नाही, आणि मिस्त्री लगेच कार्बोरेटर खोलतो. एस२० वर तीन जोड-कार्बोरेटर असतात. त्यांचा मेळ एकदा बिघडला की दुखणं दुप्पट होतं. आधी इग्निशनचे पॉइंट आणि कंडेन्सर, मग टायमिंग, मग कार्बोरेटरच्या बुडाशी गॅस्केटमधून हवा शिरतेय का ते पाहा. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

आर३२ जीटी-आर मूळ टर्बोवर असेल, तर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवू नका. आतली टर्बाइनची चाकं सिरॅमिकची आहेत, जास्त दाबाखाली ती फुटतात. माझदा आरएक्स-७ (तिच्या रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी रोटर फिरतो) गरम असताना पुन्हा सुरू व्हायला त्रास देत असेल, तर बॅटरीला दोष देण्याआधी कॉम्प्रेशन मोजा. रोटरच्या टोकाचे सील झिजल्याची ती नेहमीची खूण आहे. मात्र मीटर रोटरी इंजिनासाठीचा, रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे दाखवणारा हवा.

भारतात आणायचा विचार आधी न करणं

पुण्या-मुंबईहून येणारे बहुतेक फोन गाडी ठरल्यावर येतात. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी एरवी भारतात आणता येत नाही. विंटेज गाड्यांची वाट वेगळी आहे, पण तिच्या अटी बदलत असतात. पैसे भरण्याआधी डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालयाची) ताजी अधिसूचना वाचा आणि कस्टम एजंटकडून जकातीचा हिशेब लेखी घ्या. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. म्हणजे १९७० ची हाकोसुका या व्याख्येत बसते; १९८९ ची आर३२ बसायला २०३९ उजाडेल.

त्याच नियमांत गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणून विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा: काढलेले मूळ भाग कुठे आहेत? मूळ चाकं, स्टीअरिंग, एअर क्लीनरचा डबा, अगदी जॅक आणि हत्यारांची पिशवीसुद्धा. पुष्कळदा ते गॅरेजच्या माळ्यावर खोक्यात पडलेले असतात आणि विचारलं तर गाडीबरोबर मिळूनही जातात. मी गाडी पाहायला गेलो की निघण्याआधी तो माळा दाखवायला सांगतो.