माहेरी बाळंतपण: सातव्या महिन्यानंतरची तयारी

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं असेल, तर डोहाळजेवणाच्या मुहूर्ताआधी दवाखाना ठरवा. 28व्या आठवड्याच्या सुमारास माहेरगावी एक फेरी मारून नाव नोंदवा आणि राहायला साधारण 34व्या आठवड्यापर्यंत जा. विमानाने जाणार असाल तर तिकिटाआधी नियम बघा. 28 आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात.

बरोबर नेण्याची सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे फाइल. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफ्या, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि कावीळ ब यांचे रिपोर्ट, धनुर्वाताच्या लशीच्या तारखा, चालू गोळ्यांची चिठ्ठी. प्रत्येक कागदाचा फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहा. आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन 28व्या आठवड्याला आणि बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर जन्मानंतर 72 तासांच्या आत द्यायचं असतं. दवाखाना बदलताना नेमकं हेच राहून जातं.

हिमोग्लोबिन 11च्या खाली असेल तर या तीन महिन्यांत ते वाढवणं हे कपड्यालत्त्यापेक्षा मोठं काम. गोळ्या चुकवत नाही तरी आकडा हलत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेणं. कॅल्शियम लोह शोषू देत नाही. दोन्हींत किमान 2 तास ठेवा, लोहाच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको, गोळी लिंबू सरबताबरोबर घ्या. शौच काळं होतं, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

आता कपडे. लंगोट 25, दुपटी 12, पुढून बांधायची झबली 8, टोपरी 4, एवढ्यात भागतं. बाळंतपण पावसाळ्यात असेल तर लंगोट 40 करा, कारण वाळायला दोन दिवस लागतात. दुपट्यांना आजीच्या जुन्या सुती नऊवारीसारखं कापड नाही. एका लुगड्यातून सात-आठ एकेरी दुपटी निघतात. नवं मलमल घेतलं तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवून खळ काढा, दोनदा धुवा. खळ राहिली तर कापड ओल टिपत नाही आणि बाळाची कातडी लाल होते. झबल्याचे बंद वीतभर लांब ठेवू नका, गळ्याशी गुंततात.

आणि डांबरगोळ्या! घरात जपून ठेवलेली जुनी दुपटी बहुधा याच गोळ्यांच्या वासाची असतात. काही बाळांत जीसिक्सपीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. आपलं बाळ त्यांतलं आहे का, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून गोळ्या आत्ताच फेका, कपडे काही दिवस कडक उन्हात टाका, गरम पाण्यात धुवा. तरी वास राहिला तर ते कापड फरशीला वापरा.

पिशवी 36व्या आठवड्याला भरून दाराशी ठेवा: फाइल, आधार कार्ड, रोख पैसे, पुढून उघडणारे गाऊन 3, मोठे पॅड 2 पाकिटं, बाळाचे 10 लंगोट, 4 दुपटी, 2 टोपरी. मध, गुटी, काजळ आणि दुधाचा डबा यांना पिशवीत जागा नाही. पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्यायचं आणि चीक पाजायचा. मध चाटवल्याने बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो, म्हणून वर्षभर तो नकोच.

बाळंतिणीच्या खोलीत डिंक-अळिवाचे लाडू खुशाल असू द्या, पण कोळशाची शेगडी नको. बंद खोलीत तिचा विषारी वायू साचतो आणि त्याला वासही नसतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी पुरते, तीही फक्त आईसाठी. मोहरीच्या उशीचीही गरज नाही. बाळाला सपाट गादीवर उताणं झोपवायचं, आसपास लोड-तक्के नकोत.

रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजा. 2 तासांत 10 वेळा जाणवली नाही तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. तसंच रक्तस्राव, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर अचानक सूज, रक्तदाब 140/90 किंवा वर.

रात्री गाडी कोण काढणार, हे आजच ठरवा. 102 आणि 108 हे नंबर भिंतीवर लिहा. खोट्या कळा चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर ओसरतात, खऱ्या वाढत जातात. दर 5 मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर आल्या की निघा. दवाखाना लांब असेल तर त्याआधीच. बाळाभोवतीचं पाणी गेलं तर मात्र कळांची वाट पाहायची नाही. वेळ लिहा, पॅड लावून रंग पाहा आणि लगेच निघा. पाणी हिरवट दिसलं तर ते वाटेतूनच फोनवर सांगा, म्हणजे पोचेपर्यंत बाळाचे डॉक्टर हजर राहतील.