ब्राउझर कुठला घ्यावा, आणि घेतल्यावर नीट कसा वापरावा

गणपतीला मिरजेला मावशीकडे गेलो की आरतीच्या आधी लॅपटॉप माझ्यापुढे येतो, हे आता ठरलेलंच आहे. यंदाची तक्रार अशी की "अरे कोपऱ्यातून सारखं येतंय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत म्हणून, काका म्हणतात फॉरमॅटच मारून टाक". व्हायरस बियरस काही नव्हता. कधीतरी कुठल्या तरी साइटने "नोटिफिकेशन पाठवू का" असं विचारलं असणार आणि मावशीने ती पट्टी घालवायची म्हणून अलाव दाबलं असणार, बस. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं आत गेलो तर तिथे एक राशिभविष्याची साइट, एक रेसिपीची आणि बाकी चार नावं अशी की वाचताच येईनात. सगळी काढली, वरचा पर्याय "कुठल्याच साइटला विचारू देऊ नका" वर ठेवला, दोन मिनिटात काम खलास. तुमच्याकडेही असं काही कोपऱ्यातून येत असेल तर आधी हे करा, ब्राउझर कुठलाही असो, सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा असते तिथे नोटिफिकेशन टाइप केलं की बरोबर त्या पानावर जाता येतं.

मग मावशीचा पुढचा प्रश्न, "क्रोमच खराब झालाय का, दुसरा टाकू का?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कोणी ना कोणी विचारतं, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

आधी निवडायचं बघू

खरं सांगायचं तर वेगाच्या बाबतीत आज कोणीही निवडला तरी फारसा फरक नाही, कारण क्रोम, एज, ब्रेव्ह, ओपेरा, विवाल्डी हे सगळे एकाच कढईतले वडे आहेत, आत गूगलच्या क्रोमियम प्रकल्पाचं एकच इंजिन, म्हणजे साइट वाचून पडद्यावर दाखवणारा भाग. ओपेराने स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडलं, मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये एजसाठी तेच केलं. वेगळी इंजिनं मोठ्या ब्राउझरमध्ये दोनच उरलीत, फायरफॉक्सचं आणि सफारीचं. आणि आयफोनवर तर आपल्याकडे सगळ्याच ब्राउझरना सफारीचंच इंजिन वापरावं लागतं, त्यामुळे आयफोनवाल्यांनी क्रोम की सफारी यावर डोकं फोडू नये, बुकमार्क आणि पासवर्ड जिथे आहेत तो वापरा.

मग फरक कशात? तर सोबत काय काय येतं त्यात.

क्रोम म्हणजे सगळं चालतं, सगळ्यांना माहीत असतं, अडलं तर शेजारचा पोरगाही सांगू शकतो, पण जाहिराती अडवायच्या बाबतीत तो आता कच्चा झालाय. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं भारी एक्स्टेंशन (ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) गूगलच्या नवीन नियमांमुळे क्रोममध्ये चालेनासं झालं, त्याची लाइट आवृत्ती चालते, पण तिच्यात मूळची ताकद नाही. फायरफॉक्समध्ये मूळचं अजून चालतं, आणि अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येसुद्धा टाकता येतं, फोनवरच्या क्रोममध्ये तर एक्स्टेंशन टाकताच येत नाहीत. मराठी बातम्यांच्या साइट फोनवर उघडून बघा एकदा, वरून जाहिरात खालून जाहिरात मध्ये व्हिडिओ आणि बातमी चार ओळींची, फायरफॉक्स घ्यायला एवढं एक कारण पुरे आहे.

ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवायची सोय आधीपासूनच असते, काही टाकावं लागत नाही, फक्त क्रिप्टो आणि रिवॉर्डची बटणं दिसतात ती सेटिंग्जमध्ये जाऊन लपवा. जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा ज्याने १९९५ मध्ये लिहिली त्या ब्रेंडन आइकचाच हा ब्राउझर. विवाल्डी ज्यांना सेटिंग्जमध्ये खेळत बसायला आवडतं त्यांच्यासाठी, मावशीसाठी नाही. एज विंडोजसोबत फुकटात येतो म्हणून लोक त्याला नावं ठेवतात, पण तो वाईट नाहीये, पीडीएफ चांगल्या उघडतो आणि त्याचा एक उपयोग पुढे सांगतो जो दुसऱ्या कोणाला जमत नाही.

जुना लॅपटॉप असेल तर मात्र निवडीला अर्थ आहे. विंडोज ७ किंवा ८.१ वर क्रोम १०९ नंतर पुढे सरकलाच नाही, म्हणजे जानेवारी २०२३ नंतर नवीन आवृत्ती नाही. फायरफॉक्सने ११५ ईएसआर ही जास्त काळ चालवायची आवृत्ती त्यानंतरही बरीच सांभाळली. पण अशा मशीनवर बँकेची कामं करू नका, गाणी लावा, पिक्चर बघा.

एक नाही, दोन ठेवा

माझं ठाम मत सांगतो. एकच सर्वात भारी ब्राउझर शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा दोन ठेवा. एक रोजचा, त्यात जाहिराती अडवा, एक्स्टेंशन टाका, काय हवं ते करा. दुसरा फक्त बँक, इन्कम टॅक्स, सातबारा, परीक्षेचे फॉर्म अशा कामांसाठी, एकदम कोरा, एकही एक्स्टेंशन नाही. याचे दोन फायदे. एक म्हणजे एक्स्टेंशनला बऱ्याचदा "सगळ्या साइटवरचा मजकूर वाचायची" परवानगी दिलेली असते आणि ते एक्स्टेंशन उद्या कोणी विकत घेतलं तर ती परवानगी नव्या मालकाकडे जाते. द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक्स्टेंशन असंच होतं, टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, लाखो लोक वापरत होते, २०२० मध्ये मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते मालवेअर (घातक प्रोग्राम) म्हणून काढून टाकावं लागलं. दुसरा फायदा म्हणजे सरकारी साइटवर काही अडलं की अडवणारं एक्स्टेंशन बंद कर, चालू कर ही कटकटच राहत नाही.

मी रोजचा फायरफॉक्स आणि कामाचा एज वापरतो. एज का, तर काही जुनी पोर्टलं अजूनही इंटरनेट एक्सप्लोररच्याच जमान्यात आहेत. एक्सप्लोरर स्वतः जून २०२२ मध्ये बंद झाला, पण एजच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझर या पानावर "इंटरनेट एक्सप्लोरर मोड" चालू करता येतो, मग ती साइट त्या मोडमध्ये परत उघडायची. त्या पानासाठी ३० दिवस तो मोड लक्षात राहतो, मग परत सांगावं लागतं. हा मोड किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय, तोवर ती पोर्टलं बदलतील अशी आशा धरू.

पॉप अप हा दुसरा घोळ. माझ्या मामेभावाने एका परीक्षेची फी भरली, पावती नवीन खिडकीत उघडणार होती, ब्राउझरने ती अडवली, याला वाटलं पैसे गेलेच नाहीत, परत भरले. दुसऱ्यांदाचे पैसे परत यायला अडीच महिने आणि किती फोन लागले विचारू नका. ॲड्रेस बारच्या (वर साइटचा पत्ता दिसतो ती पट्टी) उजव्या टोकाला छोट्या खिडकीचं चिन्ह दिसतं, त्यावर क्लिक करून फक्त त्या साइटला परवानगी द्यायची, सरसकट नाही. फायरफॉक्समध्ये वरती पिवळट पट्टी येते तिथूनच देता येते. आणि पैसे भरल्यावर पावती नाही दिसली तर रिफ्रेश मारायच्या आधी बँकेचा मेसेज बघा.

पावतीचा पूर्ण पानाचा फोटो हवा असेल तर एज आणि फायरफॉक्स दोन्हीत कंट्रोल+शिफ्ट+एस दाबा आणि पूर्ण पानाचा पर्याय निवडा, खालपर्यंतचं सगळं पान एका फोटोत येतं, मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढायची गरज नाही (काका अजूनही काढतात).

बँकेच्या साइटबद्दल एकच. गूगलवर बँकेचं नाव टाकून पहिल्या लिंकवर क्लिक करायची सवय सोडा, वरची लिंक जाहिरात असू शकते. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "डॉट बँक डॉट इन" या शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, तो शेवट असलेला पत्ता नोंदणीकृत बँकेलाच मिळतो. पत्त्यात https:// नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी ते आहे का बघा आणि कामाच्या ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा, पुढे तिथूनच जायचं.

आता हात चालवायचा भाग

कीबोर्डचे शॉर्टकट लोक पन्नास सांगतात आणि एकही लक्षात राहत नाही. मला विचाराल तर चारच शिका. कंट्रोल+शिफ्ट+टी, चुकून बंद केलेला टॅब परत येतो, पुन्हा दाबला की त्याच्या आधीचा, हा एकटाच अर्धं आयुष्य वाचवतो. कंट्रोल+एल, कर्सर थेट ॲड्रेस बारमध्ये, माउस शोधायला नको. कंट्रोल+शिफ्ट+व्ही, कॉपी केलेलं रंग फॉन्ट सगळं सोडून नुसता मजकूर पेस्ट होतो. आणि लिंकवर माउसचं मधलं चाक दाबणं, नवीन टॅबमध्ये उघडते, तुम्ही आहात तिथेच राहता. हे चार हातात बसले की मग पुढचे आपोआप येतात.

टॅब चाळीस उघडे ठेवणारी मंडळी असतात, मी त्यातलाच, त्यामुळे उपदेश करणार नाही. फक्त टॅब शोधत बसू नका. क्रोममध्ये ॲड्रेस बारमध्ये नुसतं @ टाइप करा, खाली टॅब, बुकमार्क, हिस्टरी असे पर्याय येतात, हवा तो निवडून त्यातच शोधता येतं. फायरफॉक्समध्ये टक्क्याचं चिन्ह आणि स्पेस देऊन शब्द टाकला की उघड्या टॅबमध्ये शोधतो, फुलीसारखी चांदणी म्हणजे * दिली की बुकमार्कमध्ये. आणि टॅब उभे लावा. एजमध्ये ही सोय २०२१ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२५ मध्ये आली. आडव्या पट्टीत मराठी शीर्षकाचं एक अक्षर आणि तीन ठिपके दिसतात, डाव्या बाजूला उभी यादी लावली की पूर्ण नाव वाचता येतं, हे मला इतकं उशिरा कळलं याचंच वाईट वाटतं.

मेमरीचं रडगाणं सगळेच गातात. ४ जीबीचा लॅपटॉप असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स आणि तिथे मेमरी सेव्हर चालू करा, एजमध्ये स्लीपिंग टॅब्स म्हणतात, न वापरलेले टॅब झोपतात आणि क्लिक केलं की जागे होतात. झोपलेला टॅब जागा होताना पान पुन्हा लोड होऊ शकतं, म्हणून अर्धवट भरलेला फॉर्म सोडून चहाला जाऊ नका, किंवा ती साइट "कधीच झोपवू नका" च्या यादीत टाका. नेमकं कोण मेमरी खातंय ते बघायला क्रोममध्ये शिफ्ट+एस्केप दाबा, ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, बहुतेक वेळा एखादं विसरलेलं एक्स्टेंशनच निघतं.

माझी सगळ्यात लाडकी युक्ती मात्र वेगळीच आहे. मराठी विकिपीडियावर काही शोधायचं तर आधी साइट उघडा, मग शोधा, हे कशाला. विकिपीडियावर कुठलाही शब्द एकदा शोधा, वर आलेला पत्ता कॉपी करा, क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिनच्या खाली साइट सर्च असतं तिथे ॲड दाबा, पत्ता पेस्ट करून तुमच्या शब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान एस लिहा आणि शॉर्टकट म्हणून एखादं अक्षर द्या. मी "वि" दिलंय. आता ॲड्रेस बारमध्ये वि, स्पेस, शिवनेरी, एंटर, संपलं. शॉर्टकट मराठी अक्षराचा दिला तर कीबोर्ड आधीच मराठीत असतो, मधे बदलावा लागत नाही, ही अक्कल दोन महिने इंग्रजी डब्ल्यू वापरल्यावर आली. असंच शब्दकोशाचं, यूट्यूबचं, रेल्वेच्या वेळापत्रकाच्या साइटचं करता येतं. फायरफॉक्समध्ये साइटच्या शोधायच्या डब्यावर राइट क्लिक केलं की तिथेच पर्याय येतो.

फोनवर एक लक्षात ठेवा, इन्स्टाग्राम फेसबुकमध्ये लिंक दाबली की ती त्यांच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथे तुमचे पासवर्ड नसतात आणि जाहिराती अडवणारंही काही नसतं. तीन ठिपके, ओपन इन ब्राउझर. आणि इनकॉग्निटो म्हणजे खाजगी खिडकीबद्दल, त्यात एवढंच होतं की तुमच्या मशीनवर हिस्टरी राहत नाही, ऑफिसच्या नेटवाल्याला आणि त्या साइटला सगळं दिसतंच. सायबरमध्ये प्रिंट काढायला गेलात तर मात्र तेच वापरा आणि काम झालं की सगळ्या खिडक्या बंद करा.

ब्राउझर बदलायचा ठरला तर घाबरू नका, नव्याच्या सेटिंग्जमध्ये इम्पोर्ट असतं, बुकमार्क, हिस्टरी एका झटक्यात येतं. पासवर्ड आपोआप आले नाहीत तर जुन्यातून सीएसव्ही (साध्या मजकुरातली यादी) फाइल काढून नव्यात टाकावी लागते. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा एकदा, सगळे पासवर्ड उघडे वाघडे लिहिलेले दिसतील. त्यामुळे ती व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवू नका, त्याच मशीनवर काम उरका, झालं की डिलीट करा, आणि रिसायकल बिनमधूनही काढा.