मदत पोहोचेपर्यंतचे तीन दिवस

आपत्तीनंतर सरकारी मदत पहिल्याच तासात आपल्या दारी येईल, असे गृहीत धरू नये. रस्ते खचलेले असतात, दूरध्वनी बंद पडलेले असतात आणि बचाव पथके आधी अडकलेल्या व जखमी लोकांकडे धाव घेतात, जे योग्यच आहे. जपानमधील कोबे शहरात 1995 साली झालेल्या भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच सोडवले होते. शेजारच्या घरात अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का, हे म्हणूनच आधी माहीत करून घ्यावे.

किमान तीन दिवस स्वतःच्या बळावर निभावता येईल, एवढी तयारी हवी. माणशी रोज सुमारे 4 लिटर पाणी धरले, तर चौघांसाठी जवळजवळ 50 लिटर लागते. घरी भरलेले पाणी दर सहा महिन्यांनी बदलावे. न शिजवता खाता येईल असे अन्न आणि सेलवर चालणारा रेडिओ ठेवावा. औषधांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण छावणीत जेवण मिळाले तरी रक्तदाबाची आपली नेमकी गोळी मिळेलच असे नाही. विजेरीतले सेल काढून तिच्याजवळच ठेवावेत. आत राहिले तर ते गळतात आणि ऐन अंधारात विजेरी पेटत नाही.

सरकारी अर्थसाहाय्य सहसा सावरण्यापुरते असते, त्यातून संपूर्ण नुकसान भरून निघत नाही. त्यासाठी विमा आधीच उतरवावा, कागदपत्रांच्या प्रती जलरोधक पिशवीत ठेवाव्यात आणि चिखल उपसण्यापूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत.