इग्लू कसा बांधतात: नुनावुतच्या इनुइटांची रीत

कॅनडाच्या उत्तरेचा नुनावुत प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झाला. जवळपास २० लाख चौरस किलोमीटर विस्तार, २५ गावं, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारा रस्ता नाही. बहुतेक भागात झाडच उगवत नाही, म्हणून निवाऱ्यासाठी बर्फ. इथले मूळ रहिवासी असलेले इनुइट लोक आज पक्क्या घरांत राहतात. इग्लू, म्हणजे बर्फाच्या ठोकळ्यांचं घुमटाकार घर, बांधतात तो शिकारीच्या वाटेवर, मुक्कामापुरता. पूर्वी मात्र मध्य आर्क्टिकमधली कुटुंबं अख्खा हिवाळा त्यात काढत.

निम्मं काम बर्फ निवडण्यातच असतं. ताजा भुसभुशीत बर्फ चालत नाही. वाऱ्याने दाबून घट्ट केलेला हवा, ज्यावर पावलाचा जेमतेम ठसा उमटतो. त्यात काठी खुपसून पाहा. ती सारख्या जोराने आत गेली तर थर एकाच वादळाचा. मध्येच अडकली किंवा भसकन खाली गेली तर थर वेगवेगळे आहेत आणि ठोकळे नेमके त्या सांध्यावर तुटतील.

दोन-तीन माणसांसाठी सुमारे अडीच मीटर व्यासाचं वर्तुळ आखा. ठोकळे वर्तुळाच्या आतूनच कापा, म्हणजे जमीन खोल जाते आणि भिंत कमी लागते. ठोकळा साधारण ६० ते ७५ सेंटीमीटर लांब, ४० उंच, १५ ते २० जाड.

पहिली रांग पूर्ण झाली की तिचे काही ठोकळे जमिनीपासून वरपर्यंत तिरके छाटा. या उतारावरून पुढची रांग न तुटता सलग गोल चढत जाते, आणि प्रत्येक नव्या ठोकळ्याला खालून व मागच्या बाजूने आधार मिळतो. ठोकळ्याचा तळ मधोमध थोडा कोरा. तो कोपऱ्यांवर टेकला तरच डुगडुगत नाही.

कल पहिल्या रांगेपासूनच आत हवा. तो कमी पडला की घुमट उंचच उंच जातो, मिटत नाही. फार सपाट झाला तर माथा बसतो. बांधणारा आत उभा असतो, जोडीदार बाहेरून फटींत बर्फ भरतो. शेवटचा ठोकळा भोकापेक्षा मोठा कापून उभा धरून बाहेर सरकवायचा, आडवा करायचा आणि कडा तासत खाली बसवायचा.

झोपायचा ओटा दारापेक्षा उंच ठेवा: थंड हवा खाली साचते, ऊब वर राहते. माथ्याजवळ ५ ते ८ सेंटीमीटरचं भोक हवंच. ते नसेल तर स्टोव्हच्या कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. वादळात ते बुजतं, म्हणून सुरा कायम आत, हाताशी ठेवा.

सीलच्या चरबीवर जळणाऱ्या दगडी दिव्याने, म्हणजे कुल्लिकने, भिंतीचा आतला पृष्ठभाग किंचित वितळून पुन्हा गोठतो आणि घुमट कणखर होतो. छतातून थेंब पडू लागले तर तिथला उंचवटा खरवडून सपाट करा, पाणी भिंतीवरून ओघळून जाईल.