शिकार आणि स्पर्धेसाठी हलकी चॅसिस बसवताना

एकच बोल्ट रायफल डोंगर चढून शिकारीलाही न्यायची आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धेतही उतरवायची, असा ज्यांचा बेत आहे त्यांच्यासाठी, रायफल हलक्या चॅसिसमध्ये, म्हणजे लाकडी दस्त्याऐवजी वापरायच्या कडक सांगाड्यात, बसवण्याच्या तयारीची ही यादी आहे. ती क्रमानेच वाचावी, कारण यातले पुढचे काम आधी उरकले तर मागचे पुन्हा करावे लागते. पाना हातात घेण्यापूर्वी एक वाटणी कागदावर करावी. ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलीचा मधला भाग), नळी, दुर्बीण आणि दुर्बिणीची कडी हे भाग एकदा बसवले की हंगामभर हलवायचे नाहीत. जादा वजने, बायपॉड (पुढचे दोन पायांचे टेकण), मॅगझिन, गालपट्टीची उंची आणि पट्टा हे भाग शिकारीकडून स्पर्धेकडे जाताना काढायचे-घालायचे. ही वाटणी न करता जो कामाला लागतो त्याच्या हाती बहुधा दोन्हीकडे अर्धवट जमणारी रायफल राहते, आणि नेम का सरकला हे त्याला कधीच नेमके सांगता येत नाही.

वाटणी झाली की वजनाचा हिशोब घ्यावा. शिकारीसाठी केलेल्या चॅसिसमध्ये मॅग्नेशियम मिश्रधातू आणि कार्बन फायबर वापरून वजन पाऊण किलोच्या आसपास आणलेले असते. एमडीटी कंपनीच्या एचएनटी26 या चॅसिसच्या नावातले 26 हे औंसच आहेत, म्हणजे सुमारे 740 ग्रॅम. तथापि चॅसिस हलकी म्हणून रायफल हलकी होत नाही. घोड्यासह ॲक्शनचा किलोभर, मध्यम जाडीच्या नळीचा दीड किलो, दुर्बीण आणि कड्यांचा आणखी किलोभर, बायपॉडचा अर्धा किलो अशी बेरीज करत गेल्यास पाच किलोचा आकडा सहज गाठला जातो. म्हणून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये नोंद करावी, आणि ज्या स्पर्धेत उतरायचे तिची वजनमर्यादा त्या नोंदीशेजारी लिहावी. अमेरिकेतल्या एनआरएल हंटर या शिकारी रायफलींच्या स्पर्धामालिकेत खुल्या हलक्या गटाला 12 पौंड, म्हणजे 5.44 किलो, आणि खुल्या जड गटाला 16 पौंड, म्हणजे 7.26 किलो अशी मर्यादा आहे. मर्यादेच्या अगदी काठावर न राहता शे-दोनशे ग्रॅम हातचे राखावेत, कारण आयोजकांचा काटा आणि घरचा काटा यांचे क्वचितच जुळते. वजन कोणकोणत्या उपकरणांसह मोजतात हे त्या त्या नियमावलीत पाहावे.

वजन घटवण्याची किंमत धक्क्याच्या रूपाने मोजावी लागते. काडतूस तेच असेल तर मागे येणाऱ्या रायफलीची ऊर्जा तिच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे सहा किलोची रायफल चार किलोवर आणली की धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. शिकारीत दिवसभरात एखादीच गोळी झाडायची असल्याने ते सोसवते. स्पर्धेत मात्र दीड-दोन मिनिटांत आठ-दहा गोळ्या झाडताना रायफल उसळली की आपलीच गोळी कुठे लागली हे दुर्बिणीतून दिसत नाही, आणि पुढच्या गोळीची दुरुस्ती अंदाजाने करावी लागते. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावल्यास धक्का बराच कमी होतो, पण आवाजाचा मारा नेमबाजावर आणि शेजाऱ्यावर उलटतो, शिवाय ब्रेक काढला-घातला की नेमाची जागा बदलते. माझ्या मते ब्रेक लावायचाच असेल तर तो पहिल्या गटात, न हलवायच्या भागांत धरावा, आणि शिकारीतही कानांचे संरक्षण वापरावे.

साहित्याची निवड करताना केवळ घनतेचे आकडे पाहू नयेत. मॅग्नेशियमची घनता घनसेंटिमीटरला सुमारे 1.74 ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची 2.70 ग्रॅम, त्यामुळे पहिल्याचा मोह पडणे साहजिक आहे. परंतु मॅग्नेशियमवरचा लेप खरवडला गेला आणि तिथे खारी ओल पोचली की तो धातू लवकर गंजतो. कार्बन फायबर आणि हलका धातू जिथे एकमेकांना भिडतात तिथेही ओलाव्याने हाच त्रास संभवतो. पावसाळी किंवा समुद्राकाठच्या प्रदेशात वापर असेल तर अशा सांध्यांची अधूनमधून उघडून पाहणी करावी. उघडा धातू थंडीत गालाला चटका देतो आणि खडकावर आपटला की लांबवर ऐकू जातो, म्हणून गाल, हात आणि खडक यांच्याशी जिथे संबंध येतो तेवढ्या भागावर कापडी चिकटपट्टी लावावी. तिचे वजन दहा-वीस ग्रॅमही भरत नाही.

प्रत्यक्ष जोडणी सुरू करण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी: एकदा डोळ्याने, एकदा चेंबरमध्ये करंगळी घालून. त्यानंतर खरी काडतुसे त्या खोलीतून बाहेर न्यावीत. पुढच्या सगळ्या चाचण्यांना बनावट काडतुसे वापरावीत. ॲक्शनचा तळ चॅसिसच्या खाचेशी जुळतो का हे आधी पाहावे. अनेक कंपन्यांच्या ॲक्शन रेमिंग्टन 700 या प्रचलित रायफलीच्या मापाच्या असतात, तरी बोल्ट सोडण्याची कळ, घोड्याचा आकार किंवा रिकॉइल लगची (धक्का चॅसिसकडे पोचवणाऱ्या, ॲक्शनखालच्या कडेची) जाडी यांत फरक पडून कुठेतरी घासण्याची शक्यता उरतेच. घासण्याची जागा शोधायची असेल तर ॲक्शनच्या तळाला मार्करची शाई लावून ती एकदा बसवावी, स्क्रू हलकेच आवळून पुन्हा काढावी आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहावे.

स्क्रूंच्या लांबीकडे विशेष लक्ष द्यावे. माझ्या हातून एकदा जुन्या लाकडी दस्त्याचेच स्क्रू चॅसिसला वापरले गेले. पुढचा स्क्रू दीड-दोन मिलिमीटर लांब पडत होता आणि बोल्ट बंद होताना अगदी शेवटच्या टप्प्यात अडखळत होता. मी दोन दिवस मॅगझिनला दोष देत राहिलो. शेवटी स्क्रू बाहेर काढल्यावर त्याच्या टोकावर नखाएवढा चकचकीत ओरखडा दिसला, आणि तसाच एक बोल्टच्या कानावर, म्हणजे पुढच्या उंचवट्यावर. तेव्हापासून स्क्रू आवळण्याआधी आणि आवळल्यानंतर बोल्ट सावकाश फिरवून दोन्ही वेळचा स्पर्श सारखाच लागतो का, हे मी पाहतो.

ॲक्शन बसवताना रायफल दस्त्यावर उभी धरावी, नळी वरच्या दिशेला ठेवावी आणि ॲक्शन हाताने खाली दाबावी, म्हणजे रिकॉइल लग मागच्या भिंतीला पूर्ण टेकते. या अवस्थेतच दोन्ही स्क्रू बोटांनी आवळावेत, मग टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर आकड्यात दाखवणाऱ्या) पुढचा आणि मागचा असे आलटून पालटून थोडे थोडे करत अखेरच्या आकड्यावर आणावेत. ॲल्युमिनियमच्या खाचेसाठी बरेच उत्पादक 65 इंच-पाउंड, म्हणजे सुमारे 7.3 न्यूटन-मीटर सांगतात. मॅग्नेशियमच्या चॅसिसला कमी आकडा दिलेला असेल तर तोच पाळावा, कारण मऊ धातू स्क्रूच्या डोक्याखाली एकदा चेपला की दुरुस्ती महाग पडते. हे स्क्रू कोरडेच ठेवावेत. तेल किंवा आटे धरून ठेवणारा डिंक लावला की घर्षण घटते, आणि पान्यावर तोच आकडा दिसत असतानाही स्क्रूवर प्रत्यक्षात जास्त ताण येतो.

जोडणी ताणरहित आहे का याची परीक्षा साधी आहे आणि ती चुकवू नये. मागचा स्क्रू आवळलेला ठेवावा, नळी आणि चॅसिसचे पुढचे टोक जिथे जवळ येतात तिथे दोघांवर मिळून बोटाचे टोक ठेवावे, आणि दुसऱ्या हाताने पुढचा स्क्रू सावकाश सैल करावा. बोटाखाली नळी सरकल्याची जाणीव झाली तर ॲक्शन खाचेत वाकून बसत आहे असे समजावे. डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजणारे उपकरण) असल्यास अधिक उत्तम, 0.05 मिलिमीटरहून जास्त हालचाल दिसली तर चॅसिस परत पाठवावी किंवा जाणकाराकडून खाच दुरुस्त करून घ्यावी. अशी रायफल एखाद्या दिवशी उत्तम मारते आणि ऊन-थंडी बदलली की बिघडते, म्हणून ती फसवी. यानंतर जाडसर कागदाची पट्टी नळीखालून सरकवत ॲक्शनपर्यंत नेऊन नळी कुठेही टेकत नाही हे पाहावे, आणि बायपॉडवर भार देऊन तेच पुन्हा तपासावे, कारण हलक्या चॅसिसचे पुढचे टोक भाराखाली किंचित वाकू शकते.

मॅगझिनचा विषय थोडक्यात आटोपतो, पण तो टाळू नये. शिकारीसाठी तीन किंवा पाच काडतुसांचे आखूड आणि स्पर्धेसाठी दहाचे, अशी दोन्ही आपण वापरणार असू तर प्रत्येक मॅगझिनला क्रमांक घालून ते बनावट काडतुसांनी पूर्ण भरून, जलद आणि मुद्दाम सावकाश अशा दोन्ही रीतींनी रिकामे करावे. सावकाश रीतीत अडकणारे मॅगझिन शिकारीला न्यायचे नाही. काडतुसाची एकूण लांबी मॅगझिनच्या आतल्या मापात बसते ना, हेही मोजून घ्यावे.

आता अंगाचे माप. दस्त्याची लांबी हिवाळी जाकीट घालून ठरवावी, कारण शिकार बहुधा त्याच वेषात होते. स्पर्धेला पातळ कपड्यांत जाताना एखादी चकती वाढवता येते. गालपट्टीची उंची ठरवताना दुर्बीण सर्वाधिक मोठेपणावर ठेवावी, डोळे मिटून गाल टेकवावा, मान सैल सोडावी आणि मग डोळे उघडावेत. चित्राच्या कडेला काळी सावली दिसली तर मान नव्हे, पट्टी किंवा दुर्बीण हलवावी. हे झोपून, बसून आणि उभ्याने अशा तिन्ही आसनांत करावे, कारण उभ्याने डोके मागे राहते आणि झोपून पुढे सरकते. दुर्बिणीची जागा या दोहोंच्या मधली निवडावी लागते. उंचावलेल्या गालपट्टीवर बोल्ट मागे ओढताना आपटतो का हे विसरू नये. दस्ता घडीचा असेल तर बिजागरीत किंचितही खुळखुळ नसावी, आणि असा दस्ता, मोठे मॅगझिन किंवा ध्वनिशामक आपल्या परवान्यात व तिथल्या शिकार-नियमांत बसतात का याची खात्री खरेदीआधीच करावी.

दुर्बीण सरळ बसवण्यासाठी शंभर मीटरवर ओळंबा टांगावा, रायफल पाणसळीने समतल धरावी आणि दुर्बिणीतली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवावी. कड्यांच्या वरच्या स्क्रूंना साधारण 15 ते 18 इंच-पाउंड, म्हणजे 1.7 ते 2 न्यूटन-मीटर पुरतात. त्याहून जास्त आवळल्यास दुर्बिणीच्या नळीवर वळ उठतात. दुर्बिणीची फिरकी मिल या कोनमापात असेल तर शंभर मीटरवर 0.1 मिल म्हणजे 1 सेंटिमीटर. त्यामुळे 10 मिल वर फिरवल्यावर गोळ्यांचा गट बरोबर एक मीटर वर, दोरीवरच लागला पाहिजे. दुर्बीण एक अंशाने जरी कललेली असेल तरी तो गट पावणेदोन सेंटिमीटर बाजूला जातो आणि अंतर वाढेल तसा फरक वाढतो.

घोड्याच्या बाबतीत मात्र तडजोड नसावी. स्पर्धेत पाचशे ग्रॅमच्या आतल्या दाबाने सुटणारा घोडा पुष्कळांना आवडतो, पण थंडीने बधिर झालेल्या, हातमोजा घातलेल्या बोटाला तो धोकादायक आहे. एकच रायफल दोन्हीकडे न्यायची तर शिकारीचा, किलोभर किंवा त्याहून जास्त दाबाचा घोडाच दोन्हीकडे वापरावा. तो ठरल्यावर रिकाम्या रायफलीचा बोल्ट दहा-बारा वेळा जोरात बंद करून पाहावा आणि सेफ्टी लावून व काढून दस्त्याचे टाच-रबर जमिनीवर आपटावे. एकदाही घोडा सुटला तर ती रायफल जाणकार कारागिराने पाहिल्याशिवाय भरू नये.

अखेर मैदानावर जावे. नेम स्पर्धेच्या अवस्थेत, म्हणजे वजने आणि बायपॉडसह, पाच-पाच गोळ्यांच्या दोन गटांनी लावावा. तीन गोळ्यांचा सुंदर गट पुष्कळदा योगायोग असतो. नंतर नळी थंड होऊ द्यावी, वजने काढावीत, पिशवीवर रायफल टेकवून शिकारीच्या अवस्थेत पुन्हा पाच गोळ्या झाडाव्यात आणि दोन्ही गटांच्या मध्यबिंदूंमधले अंतर वहीत मिलमध्ये लिहावे. 0.1 किंवा 0.2 मिलचा फरक निघणे स्वाभाविक आहे. तो दर वेळी तेवढाच निघतो का हे महत्त्वाचे, म्हणून ही अदलाबदल निदान तीन वेगवेगळ्या दिवशी करावी. शिकारीसाठी रोजची पहिली, थंड नळीची गोळी वेगळ्या कागदावर जमा करत जावी; वीस दिवसांनंतर तो कागद कोणत्याही गटापेक्षा अधिक सांगतो. बारीक नळी सलग आठ-दहा गोळ्यांनी तापली की गट कोणत्या दिशेला पसरतो, तेही याच सत्रात पाहून ठेवावे.

सगळे जमले की ॲक्शन, दुर्बिणीचा पाया आणि कड्या यांच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर उतरणारी रंगाची एक बारीक रेघ ओढावी. गालपट्टी, दस्त्याची लांबी, बायपॉडची आर्का रेलवरची (चॅसिसखालच्या सरकपट्टीवरची) जागा आणि वजनांचे स्थान यांचे आकडे दोन रकान्यांत, शिकार आणि स्पर्धा असे, मांडून वहीची ती प्रत रायफलीच्या पेटीत ठेवावी. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी विजेरीच्या उजेडात त्या रेघा तुटल्या आहेत का एवढे पाहावे. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू नुसता आवळून न निघता मैदानावर जाऊन नेम पुन्हा तपासावा.