आरटीएक्स ३०६० की ४०६०: खरेदीपूर्वी काय पाहावे

सांगलीतल्या दुकानात या दोन ग्राफिक्स कार्डांपैकी एक निवडताना केवळ कूडा कोअरची (कार्डातील गणना करणाऱ्या छोट्या घटकांची) संख्या पाहून निर्णय घेऊ नये. ४०६० नंतरच्या पिढीचे असल्याने ३०६० चे ३५८४ कोअर ४०६० च्या ३०७२ कोअरना बहुतेक गेममध्ये मागे टाकू शकत नाहीत, शिवाय ४०६० ची कमाल वीजमर्यादा १७० ऐवजी ११५ वॅट आहे. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी दृश्ये रेंडर करणाऱ्यांना (म्हणजे त्यांचे अंतिम चित्र तयार करणाऱ्यांना) मात्र जास्त मेमरी लागते, म्हणून मी ८ जीबीच्या ४०६० पेक्षा १२ जीबीचे ३०६० सुचवेन. ते घेताना खोक्यावरील मेमरीचा आकडा अवश्य वाचावा, कारण ३०६० याच नावाने ८ जीबीचे कार्डही निघाले असून त्याची मेमरी बस (मेमरीशी माहितीची देवाणघेवाण करणारा मार्ग) १९२ ऐवजी १२८ बिटची असल्यामुळे ते गेममध्येही ठळकपणे मागे पडते.